प्राथमिक आरोग्य केंद्राला फॅमिली डॉक्टर हवा, मान्य. पण त्याला घडवायचं कुठे आणि कुणी?

धागाकर्ता: वर्धापार

'खेड्यात डॉक्टर जात नाहीत' यावर इथे तीन-चार धागे पेटून विझलेत. तो वाद पुन्हा नको. गेलेला डॉक्टर तिथे काय करू शकतो आणि त्याला ते कुणी शिकवलं, यावर बोलू.

आपल्याकडची रचना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पाया म्हणून लिहितो. सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी). उपकेंद्र ५,००० किंवा ३,००० मागे. म्हणजे एका पीएचसीखाली साधारण सहा उपकेंद्रं, प्रत्येक उपकेंद्रात एएनएम (परिचारिका), आता समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), आणि दर हजारी एक आशा. पीएचसीत सहा खाटा, लेबर रूम, दोन वैद्यकीय अधिकारी. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय.

पीएचसीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या दोन जागांपैकी एकावर बहुतेक वेळा बंधपत्रित एमबीबीएस येतो. सरकारी महाविद्यालयातून पास झाला की एक वर्ष सेवा. साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप जिथे काढली तिथे प्रत्येक आजाराला वेगळा विभाग, रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर, शेजारी लॅब आणि रक्तपेढी. इथे यातलं काहीच नाही. बरं, गर्भवतीची नोंद बाराव्या आठवड्यात झाली तर बाळंतपण आणि नंतरचे सहा आठवडे धरून आठ महिने जातात. वर्षभरात त्याला अशी बाई पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत जेमतेम एका फेरीत दिसते, आणि तोवर त्याचा कार्यमुक्तीचा आदेश आलेला असतो.

बंधपत्राचं वर्ष ही सेवा आहे हे ठीक. पण त्याला 'ग्रामीण अनुभव' म्हणून प्रशिक्षणाच्या खात्यात टाकतात, ते पटत नाही. वर कुणी शिकवणारा नसेल तर ते प्रशिक्षण कसलं? तुमच्या मते तीन वर्षांचा फॅमिली मेडिसिनचा विद्यार्थी ग्रामीण भागासाठी घडवायचा तर त्याला काय आलं पाहिजे, आणि ते कुठल्या खाटेजवळ शिकवायचं?

---

आडवाटेचा

काय आलं पाहिजे याचं उत्तर पुस्तकातल्या अनुक्रमणिकेवरून काढू नका. त्या भागात रात्री कोण येतं त्यावरून काढा. सर्पदंशच घ्या. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हा पीएचसीचा रोजचा विषय आहे आणि एमबीबीएसमध्ये त्यावर दीड व्याख्यान होतं.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपली विषावरची एकच लस चालते. शिकायचं ते दंश ओळखायला नाही, विषबाधा ओळखायला. घोणस-फुरशासाठी २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: स्वच्छ, कोरडी, काचेची नळी, शिरेतून घेतलेलं २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं जागेवरून हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त वाहिलं तर लस सुरू. पहिला डोस १० व्हायल, सलाईनमध्ये मिसळून अर्धा ते एक तासात. लहान मुलालाही तेवढाच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. त्वचेत टेस्ट डोस द्यायचा नाही. रिअॅक्शन येणार की नाही हे त्यावरून कळत नाही. अॅड्रेनालिन ०.५ मिली (१:१०००) सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं, अंगावर पित्त किंवा धाप दिसली की मांडीत. सहा तासांनी चाचणी पुन्हा.

मण्यारीची गोष्ट वेगळी. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय, गिळता येत नाही म्हणून येतो, अंगावर दाताची खूण सापडत नाही, आणि चाचणीत रक्त व्यवस्थित गोठतं. नवखा डॉक्टर 'अॅसिडिटी' लिहून पँटोप्राझोल देतो. इथे पापण्या पाहायच्या: वर बघ म्हटल्यावर डोळे पूर्ण उघडतात का. मान उचलता येते का. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात. हे कौशल्य यंत्रावर अवलंबून नाही, पण कुणीतरी शेजारी उभं राहून दोन-तीनदा दाखवलं नाही तर येत नाही.

---

फुरसुंगी_एक्स्प्रेस

@आडवाटेचा, सगळं बरोबर, एक भर घालतो. चाचणी चुकते ती बहुतेक वेळा नळीमुळे. पीएचसीत काचेच्या नळ्या साबणाच्या पाण्यात धुवून पुन्हा वापरतात. साबणाचा अंश राहिला, किंवा नळी प्लास्टिकची असली, तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि विनाकारण १० व्हायल जातात. उपाय फुकटचा आहे: त्याच खोक्यातल्या दुसऱ्या नळीत सोबतच्या नातेवाइकाचं रक्त घेऊन शेजारी ठेवा. ते गोठलं तरच पेशंटच्या निकालावर विश्वास.

दुसरं, साठा. पहिला डोस १० व्हायलचा असताना पीएचसीत ५ असणं याला साठा म्हणत नाहीत. लस आहे असं अहवालात दिसतं आणि पेशंट मात्र सलाईन लावून पुढे.

अवांतर: कोकणात चापडा या सापाच्या दंशावर ही लस उपयोगाची नाही, तिथे सूज आणि वेदना सांभाळणं एवढंच. फॅमिली डॉक्टरचं प्रशिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात थोडं वेगळं असावं लागतं ते यासाठी.

---

नीरा_उजवा_कालवा

कोकणाचा विषय निघालाच आहे तर लाल विंचू. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या बीपी उतरवणाऱ्या गोळीचं काम उभं केलं ते एका तालुक्याच्या जागी, साध्या निरीक्षणातून. दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी, पेशंट आडवा ठेवून. पहिल्या गोळीनंतर उठवून बसवलं तर बीपी कोसळतं.

यात काय बिघडतं? खरेदीत प्राझोसिन म्हणून सावकाश विरघळणारी एक्सएल गोळी येते, २.५ किंवा ५ मिलिग्रॅमची. ती तोडायची नसते, चघळायची नसते आणि विंचवाला उपयोगाची नसते. साधी १ मिलिग्रॅमची गोळी हवी. इंडेंटवर (मागणीपत्रावर) 'टॅब. प्राझोसिन' एवढंच लिहिलं की असं होणारच. औषधाचं नाव, ताकद आणि प्रकार तिन्ही लिहायला शिकवणं हाही अभ्यासक्रमच आहे, भले त्यावर परीक्षेत प्रश्न येत नसेल.

---

शेवंता_बी_एस्सी

साप-विंचू रंजक आहेत म्हणून सगळे त्यावर लिहितात. पीएचसीचं खरं ओझं बीपी-शुगरचं आहे आणि तिथे डॉक्टरपेक्षा टीम लागते. सीएचओ, एएनएम, आशा यांना सोबत घेऊन काम कसं वाटायचं हे डॉक्टरला कुणीच शिकवत नाही.

हिशोब करून दाखवते. समजा पीएचसीकडे बीपीचे ६०० पेशंट नोंदलेले आहेत. सगळ्यांना दर महिन्याला पीएचसीतच बोलावलं तर २५ कामाच्या दिवसांत रोज २४ जण केवळ गोळ्यांसाठी रांगेत. त्यातल्या निम्म्यांचं बीपी १४०/९० च्या खाली स्थिर असेल तर त्या ३०० जणांना तीन महिन्यांच्या गोळ्या उपकेंद्रातच सीएचओकडून द्या. महिन्याच्या भेटी ६०० वरून ४०० वर येतात, आणि त्यातल्या १०० उपकेंद्रात. पीएचसीत रोज १२. आता डॉक्टरला ज्याचं बीपी बसत नाही त्याच्याशी बोलायला वेळ आहे.

औषधाचं गणित: ६०० जण अॅमलोडिपिन ५ वर धरले तर महिन्याला १८,००० गोळ्या, तिमाहीला ५४,०००. तिघांत एकाला टेल्मिसार्टन ४० जोडावी लागली तर वर आणखी तिमाहीला १८,०००. शिवाय एक तिमाहीचा राखीव साठा. आणि मागणी कशी जाते? मागच्या वर्षीच्या खपावरून. मागच्या वर्षी चार महिने गोळीच नव्हती, म्हणून खप कमी दिसतो, म्हणून यंदाची मागणी कमी, म्हणून यंदाही तुटवडा. हे चक्र मोडायचं तर खपाऐवजी नोंदलेल्या पेशंटवरून मागणी काढायची. महाराष्ट्रात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम पहिल्या टप्प्यात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा इथे सुरू झाला. त्याचा गाभा हाच होता: ठरलेली उपचारपायरी, पेशंटचं कार्ड, आणि कार्डावरून गोळ्यांचा हिशोब.

आणि हो, बीपी मोजताना दंडाला बांधायचा कफ. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी जास्त येतं आणि गोळी वाढते. पाच मिनिटं बसवल्याशिवाय मोजायचं नाही. रांगेतून धावत आलेल्या म्हातारबांचं १६० हे बीपी नाही, चढण आहे.

---

वर्धापार

शेवंताताई, मागणीचं चक्र इतकं सरळ मांडलेलं पाहिलं नव्हतं. धन्यवाद.

---

मंत्रालय_७वा_मजला

सगळे खाटेजवळचं बोलताहेत, मी फायलीतलं बोलतो. आपल्याकडे ग्रामीण आरोग्याला तीन मालक आहेत. पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी). ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. वैद्यकीय महाविद्यालयं तिसऱ्याच विभागाकडे. फॅमिली डॉक्टर घडायचा तर त्याला या तिन्ही ठिकाणी फिरावं लागतं. विद्यावेतन कुणाच्या हेडमधून (खर्चाच्या खात्यातून), रजा कुणी मंजूर करायची, पीएचसीत त्याच्या हातून काही झालं तर जबाबदार कोण, यावर पहिलं वर्ष निघून जातं.

त्यात नवीन महाविद्यालय काढताना जिल्हा रुग्णालयच त्याच्याकडे वर्ग करतात. कागदावर खाटा तेवढ्याच, पण जिथे जनरल काम शिकता आलं असतं तिथे आता प्रत्येक विषयाचे पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) उभे. फॅमिली मेडिसिनवाल्याच्या हाती सिझेरियनमध्ये रिट्रॅक्टर तेवढा येतो. माझं स्पष्ट मत: प्रशिक्षण महाविद्यालयात नको, १०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात हवं. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी फॅमिली मेडिसिन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, २०२० पासून दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. वाट आहे, तिच्यावरून जिल्ह्यांनी चालायचं आहे.

---

तुकडेजोड

वाट आहे, पण ती पोहोचते कुठे? डीएनबी फॅमिली मेडिसिन करून आलेल्याला बहुतेक राज्यांच्या आरोग्यसेवेत स्वतंत्र पदच नाही. फिजिशियनच्या जागेवर घेत नाहीत, वैद्यकीय अधिकारी (एमओ) म्हणून घेतात तर पदवीची वेतनवाढ मिळते की नाही यावर पत्रव्यवहार. मग तो शहरातल्या कॉर्पोरेट ओपीडीत जातो, किंवा आखातात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रोत्साहन देणं हे आयोगाच्या पदव्युत्तर शिक्षण मंडळाचं काम म्हणून लिहिलं आहे. जागा वाढवायचं लिहिलं, पदं कोण काढणार?

आधी भरती नियम बदला: ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक आणि पीएचसीचा पहिला एमओ या दोन जागांना फॅमिली मेडिसिन ही प्राधान्याची अर्हता. मग जागा काढा. उलट्या क्रमाने केलं तर जागा रिकाम्या राहतात आणि 'मागणीच नाही' म्हणून बंद होतात.

---

आडवाटेचा

@तुकडेजोड +१. यात जुना धडा आहे. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भूल देण्याचं आणि १६ आठवड्यांचं सिझेरियनचं प्रशिक्षण एनआरएचएमच्या (राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या) काळात सुरू झालं. कल्पना उत्तम. झालं काय, तर भूलवाला एका तालुक्यात, सिझेरियनवाला दुसऱ्यात, आणि तिसऱ्या ठिकाणी चालू ऑपरेशन थिएटर पण दोघांपैकी कुणी नाही. सहा महिने हात चालला नाही की आत्मविश्वास जातो, मग तो रेफरच करतो, आणि त्यात त्याचं चूक काही नाही. प्रशिक्षणाचा आदेश आणि नेमणुकीचा आदेश एकाच कागदावर निघाला पाहिजे, दोघांच्या जोडीचा.

---

गोदाकाठ

बाळंतपणाचं निघालं म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. झटका आलेली बाई पुढे पाठवण्याआधी दोन्ही नितंबांत खोलवर ५-५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या एकूण १० अँप्यूल. हे एएनएमनेही द्यायचं आहे. डॉक्टर असेल तर त्याआधी शिरेतून ४ ग्रॅम: ८ मिली औषधात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिली करायचं आणि सावकाश सोडायचं. घाईने ढकललं तर श्वास थांबतो, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची अँप्यूल त्याच ट्रेमध्ये.

किती केंद्रांत त्या १० अँप्यूल औषधनिर्मात्याच्या कुलपात असतात आणि रात्री किल्ली त्याच्या घरी? प्रशिक्षणात औषधाची मात्रा शिकवतात. ट्रे कुठे ठेवायचा, तो दर सोमवारी कुणी मोजायचा आणि वहीत सही कुणाची, हे शिकवत नाहीत. बाई वाचते ती या वहीमुळे. प्रशिक्षणार्थीला पहिल्याच महिन्यात लेबर रूमच्या सगळ्या ट्रेंची जबाबदारी द्यावी, सिस्टरच्या हाताखाली. हाताखालीच, वर नाही.

---

वर्धापार

आता तीन वर्षांचा आराखडा मांडून पाहतो, फाडायला मोकळे आहात.

तळ उपजिल्हा रुग्णालय. पहिलं वर्ष: प्रसूती चार महिने, बालरोग तीन, मेडिसिन तीन, अपघात विभाग दोन. दुसरं वर्ष: शस्त्रक्रिया आणि अस्थी मिळून तीन, भूल दोन, मानसोपचार दोन, त्वचा-डोळे-कान मिळून दोन, क्षयरोग एक, उरलेले दोन नवजात अतिदक्षता कक्षात. तिसरं वर्ष: आठ महिने एकाच पीएचसीत मुक्कामी, चार महिने ग्रामीण रुग्णालयात.

पण माझ्या दृष्टीने कणा वेगळाच आहे: पहिल्या महिन्यापासून दर आठवड्याचा एक ठरलेला दिवस त्याच पीएचसीत, तिन्ही वर्षं. तीच गावं, त्याच आशा, तेच पेशंट. गुरुवार म्हणजे गुरुवार, वॉर्ड कितीही भरला तरी. त्याला सुरुवातीला ४० कुटुंबं नेमून द्यायची, ज्यांत एखादा डायबेटिक, एखादी गर्भवती, क्षयरोगाचा पेशंट, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल. तीन वर्षांत त्या कुटुंबांचं काय झालं हाच त्याचा प्रबंध. सेवाग्रामच्या महाविद्यालयात प्रत्येक बॅच गाव दत्तक घेते. तो धागा पदवीनंतरही चालू ठेवायचा.

---

तुकडेजोड

आराखडा चांगला आहे, पहिल्या डेंग्यूच्या साथीत मोडेल. गुरुवारी वॉर्डात माणूस कमी पडला की पहिला कोण थांबवला जाईल? फॅमिली मेडिसिनवाला. त्यामुळे त्या दिवसाची हजेरी पीएचसीच्या एमओने भरायची आणि ९० टक्क्यांखाली गेली तर रुग्णालयाची पुढच्या वर्षीची जागा कमी, असं मान्यतेच्या अटीतच हवं.

आणि शिकवणारा? पीएचसीचा एमओ आधीच साप्ताहिक अहवाल, लसीकरण सत्रं, शाळा तपासणी, तहसीलदारांच्या बैठका यांत पिळून निघतो. त्याला शिकवायचंय तर आठवड्यातली एक सकाळ अधिकृतपणे मोकळी द्या, मानधन द्या, आणि एका एमओमागे दोनपेक्षा जास्त प्रशिक्षणार्थी नकोत. निवासस्थानही बघा. छत गळतंय, पाण्याला टाकी नाही, आणि आपण 'मुक्कामी' लिहितोय.

---

शेवंता_बी_एस्सी

मानसोपचाराला दोन महिने दिलेत ते बरं केलंत. विदर्भ-मराठवाड्यात फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट पीएचसीला पोहोचतात तेव्हा सगळं लक्ष अॅट्रोपिन या उताऱ्यावर: छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. ते यायलाच हवं; डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नाही, छाती कोरडी झाली का ते ऐकायचं. पण तो माणूस वाचून घरी आल्यावर त्याच्याकडे कोण जातं? ते ४० कुटुंबांच्या यादीत घाला. आशाला माहीत असतं कुणाच्या घरात काय चाललंय, तिला विचारायची सवय लावा.

---

मंत्रालय_७वा_मजला

पीजींसाठी जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांची सक्तीची नेमणूक आधीच आहे. तिचा उपयोग करा. मेडिसिन किंवा बालरोगचा पीजी त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एकदा पीएचसीत येऊन अवघड पेशंट पाहील, फॅमिली मेडिसिनवाला सादर करेल. नवीन पद नको, नवीन हेड नको. सिव्हिल सर्जन आणि डीएचओ यांचं एक संयुक्त पत्र पुरतं. गाडीचा प्रश्न येईल, तो रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून सुटू शकतो.

---

गोदाकाठ

रेफरचं राहिलं. वरून पेशंट परत येतो तेव्हा सोबत काय येतं? डिस्चार्ज कार्ड, तेही पिशवीत चुरगळलेलं, निदान इंग्रजी अद्याक्षरांत. पीएचसीला कळतच नाही की आपण पाठवलेल्याचं पुढे काय झालं, आणि त्यातूनच शिकायचं असतं.

एक साधी वही चालते. पाठवताना पाच गोष्टी: का पाठवतोय, काय दिलं आणि किती वाजता, शेवटचं बीपी-नाडी-श्वास, सोबत कोण, वर कुणाशी फोन झाला. उजव्या बाजूला रकाना रिकामा सोडायचा. आठव्या दिवशी प्रशिक्षणार्थीने आशामार्फत चौकशी करून तो भरायचा: पोहोचला का, निदान काय निघालं, इथे सांभाळता आलं असतं का. महिन्याच्या शेवटी तो शेवटचा रकाना घेऊन एमओसोबत बसायचं. भरलेल्या वहीवर गुण ठेवा, लेखी परीक्षेचे वीस कमी करून. आणि १०८ ला फोन केल्याची वेळ व गाडी आल्याची वेळ वेगवेगळी लिहा. दोन्ही एकाच रकान्यात लिहिल्या की उशीर कुठे झाला ते सापडत नाही.

---

वर्धापार

@गोदाकाठ, वहीचा नमुना एका पानावर मांडून इथे टाकाल का? उजवा रकाना किती रुंद ठेवायचा तेही सांगा, आमच्याकडच्या छापील रजिस्टरात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नाही.

---

गोदाकाठ

छापील रजिस्टर सोडा. दोनशे पानी फुलस्केप, समोरासमोरची दोन्ही पानं एका नोंदीसाठी वापरायची: डावं पान जातानाचं, उजवं पान पूर्ण परत आल्यानंतरचं. एका जोडपानावर चारच पेशंट. नमुना शनिवारी टाकते.